चाबी भिवाजीकाकांकडे

सौंसरच्या आमच्या गल्लीत पाच घरी टीव्ही होते आणि पाचही टीव्हींच्या चाब्या एकाच माणसाच्या गळ्यात, काळ्या दोऱ्याला बांधलेल्या असत. भिवाजीकाकांच्या.

टीव्हीला चाबी नसते, हे मला मान्य आहे. पण काका संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. ऐंशीच्या दशकात गल्लीत टीव्ही येऊ लागले, तसे ते न बोलावता फळ्या घेऊन हजर होऊ लागले. टीव्हीपुढे सरकतं दार बसवायचं, कडी ठोकायची, कुलूप घालायचं आणि चाबी आपल्या गळ्यात. "डब्ब्यात काय काय येते, भरोसा हाय का? पोरायच्या लायकीचं पाहा लागते न बाई," असं त्यांनी माझ्या आईला बजावलं. पुढे कित्येक दिवस आमच्या घरी बातम्यांनाही संत्र्याचा वास यायचा.

रविवारचा सिनेमा सगळी गल्ली आमच्याच घरी पाहायची. त्याआधी आम्ही पोरं चाबी आणायला पळत जायचो. चाबी एकटी कधीच येत नसे. धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून काकाच यायचे आणि स्टूल ओढून टीव्हीशेजारी बसायचे, एक हात दारावर ठेवून. नायक-नायिका झाडाजवळ गेले की दार सर्रकन बंद, आणि फटीतून एकटे काका पाहणार.

"काकाजी, काय चालू हाय?"

"काही नाही. जेवून राहिले."

"काय जेवून राहिले?"

"वरणभात."

एकेका सिनेमात चार-चार वेळा जेवणं व्हायची. लग्न जमण्यात वरणभाताचा मोठा हात असतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

काकू केव्हाच गेल्या होत्या. मुलगी मीना भिलाईला. "मीनाचे पोट्टे आले का त्यायलेही बसवू इथं," असं काका दर उन्हाळ्यात म्हणायचे. त्या पोट्ट्यांना मी कधी पाहिलं नाही.

कुलूप आईनेच बाजारातून आणलेलं. त्याची दुसरी चाबी मला एकदा चहापत्तीच्या डब्यात सापडली. मी नाचायलाच लागले. आई म्हणाली, "ठेव तिथंच. अन् काकाजीकडे जा लवकर, वाट पाहून राहिले असतीन."

मी तेरा वर्षांची झाले आणि मला शिंगं फुटली. एका रविवारी आई लग्नाला पांढुर्ण्याला गेली होती. मी मैत्रिणी जमवल्या, डब्यातली चाबी काढली आणि टीव्हीचं दार सताड उघडं टाकलं.

सिनेमा निम्मा झाला असेल. काका दारात उभे.

"आज कोनीच नाही आलं चाबी न्यायले. म्या मनलं, पोरी बिमार-गिमार तं नाही न?"

मग त्यांना टीव्ही दिसला. पडद्यावर तेव्हा काय चालू होतं, ते मला आठवत नाही. "बसा न काकाजी," म्हणत मी घाईघाईने स्टूल पुढे केलं.

"नाही, पाहा तुम्ही. मोठ्या झाल्या न आता."

गळ्यातल्या दोऱ्याची गाठ त्यांना लवकर सुटेना. आमची चाबी त्यांनी खिडकीत ठेवली आणि ते गेले. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही.

आता मी नागपूरला असते. घरात कशालाच कुलूप नाही, ज्याला जे पाहायचं ते तो आपल्या खोलीत पाहतो. रविवार उतरणीला लागला की मला काकांची फार आठवण येते. मी आले नाही म्हणून बिमार तर नाही ना, असं विचारायला घरून निघून येणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. एक होतं, त्याला मी दारातून परत जाऊ दिलं.