काटा नसलेला रुपया

खोटं नाणं मला फसवू शकत नाही. आमच्या काष्टीत हे मी कुणालाही सांगतो आणि ओट्यावर जमणाऱ्या मुलांना तर दर रविवारी सांगतो. शाळेतून निवृत्त झालो, तरी शिकवल्याशिवाय अन्न पचत नाही. म्हणून मुलांना नाणी दाखवतो. नाणं कडेनं धरायचं. घासायचं नाही. आणि संशय आला तर फरशीवर टाकून आवाज ऐकायचा. खरं नाणं गातं, खोटं खोकतं!

त्या आठवड्यात मी नगरहून खास चीज आणली होती. एक रुपया. एका बाजूला सिंहांचा छापा आणि दुसऱ्या बाजूला आकड्याऐवजी पुन्हा छापाच! टाकसाळीची चूक, लाखात एक. आवाज तेवढा ऐकला नव्हता. एवढं दुर्मिळ नाणं कुणी आपटतं का?

रविवारी मुलांच्या क्रिकेटची फायनल होती आणि पाहुणा मीच. मॅच संपली की मुलांना दाखवू, म्हणून रुपया खिशात टाकला.

"टॉसला नाणं हाय का कुणाकडं?" पंच सुनीलनं माईकवरून विचारलं. सगळ्यांनी खिसे चाचपले. निघाले मोबाईल.

"आता चहाचं पैसं बी मोबाईलवर," तो म्हणाला. "पण नाण्यांचे गुरुजीच हायत की हितं. काढा, गुरुजी."

"चिठ्ठ्या टाका ना."

"गुरुजी, रुपया मागतोय, किडनी न्हाई."

मैदान हसलं. पुढच्या खुर्चीवरची माझी बायको पुष्पावतीही हसली. नाइलाजानं मी रुपया काढला.

"कडेनं धर रे," मी कळवळलो.

कप्तान दोन, जस्टिन आणि रुपाली. दोघंही माझ्या ओट्यावरचे. रुपाली म्हणाली, "काटा." पोरगी हरणार, हे अख्ख्या मैदानात मला एकट्याला ठाऊक होतं. पण नाणं सुनीलच्या बुटावर आदळलं.

"हे धरायचं न्हाई. परत."

मी रुपालीच्या कानाशी वाकलो. "बाळ, या वेळी छापा माग."

"का?"

"सहज."

"माझा काटाच लकी हाय, गुरुजी."

छापा पडला. जस्टिन नाचायला लागला. रुपालीनं नाणं उचललं, अगदी शिकवल्यासारखं, कडेनं. उलटलं. पुन्हा उलटलं.

"गुरुजी, काटा कुठंय?"

"म्हातारा जस्टिनला सामील हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

मी माईक ओढला. "ही फसवणूक नाही! टाकसाळीची दुर्मिळ चूक आहे. चार हजार मोजलेत मी!"

"चार हजार?" पुष्पावती उभी राहिली. "अहो, मला तर चाळीस रुपये म्हणाला होतात."

तेवढ्यात रुपालीनं नाणं सिमेंटच्या पिचवर टाकलं. ते खोकलं. आणि त्याचे दोन्ही छापे सुटे झाले. आतून घासलेले, गोंदानं चिकटवलेले.

"संशय आला की आवाज ऐकायचा असतो, गुरुजी," रुपालीनं मला समजावून सांगितलं. माझ्याच सुरात.

पुष्पावतीनं पर्समधून एक रुपया काढला. "देवळात टाकायला आणला होता. हा घ्या. याला काटा आहे."

सुनीलनं तो दोन्ही बाजूंनी सगळ्यांना दाखवला आणि उडवला. रुपालीनं पुन्हा काटाच मागितला.

छापा पडला.

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं.