साहेबाची मिशी आणि वीस शब्द

"व्ही आणि डब्ल्यू? अरे, बहिऱ्यालासुद्धा ओळखता येतील!" पितांबरने शाळेच्या ओट्यावर मांडी ठोकून जाहीर केलं.

शहाद्याजवळच्या त्या गावात इंग्रजीचा वर्ग निघणार होता. मास्तरची जागा एकच, आणि ती पितांबरला हवीच होती. नाहीतर बापाचा नांगर धरणं आलं, आणि बैल त्याला जन्मापासून ओळखत असल्यामुळे मुळीच ऐकत नसत!

परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबाने आमराईत तंबू ठोकला होता. तो वीस शब्द बोलणार, उमेदवाराने लिहायचे. दहा बरोबर आले की पास. पण शब्द सगळे व्हीचे नाहीतर डब्ल्यूचे. मराठी कानाला दोन्हींचा 'व' एकच! 'वाइन' म्हणजे वेल की दारू, 'वेस्ट' म्हणजे बंडी की पश्चिम, काही केल्या कळेना.

पितांबरने मात्र दुसऱ्या गावच्या दोघांची परीक्षा शाळेच्या खिडकीतून पाहिली, आणि कान सोडून डोळे वापरले. साहेबाची मिशी मक्याच्या तुऱ्यासारखी. डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू व्हायचा, मिशीची टोकं जवळ यायची. व्ही म्हणताना दात ओठावर टेकायचे, टोकं फाकायची. साहेब मागाहून उत्तरं वाचून दाखवायचा, त्यांच्याशी चाळीसही शब्द त्याने पडताळले. एकही चूक नाही!

घरी आल्यावर बाप, लोटन आप्पा, भलतंच विचारू लागले.

"का रे, साहेबना हातले ती काळी पट्टी कसानी शे?"

"विलायतेचा राजा वारला, आप्पा. सुतक आहे त्यांना," पितांबर घाईने म्हणाला आणि चंबूचा सराव करायला गेला.

आप्पा मात्र अस्वस्थ. त्यांनी साहेबाची रोज दाढी करणाऱ्या रेवजी न्हाव्याला गाठलं.

"राजा म्हणजे मायबाप. अर्जवर आपण तसंच लिखतस ना? मंग साहेबना बापच मरना! आन मिशी तशीच?"

"राम राम!" रेवजी कळवळला. "बिचाराले आठे कोणी भाऊबंद नही."

"आपणच भाऊबंद. पोऱ्यानं काम शे त्यापाशी. जाय, धरम कर!"

परीक्षेच्या सकाळी साहेब रोजच्यासारखा दाढीला बसला आणि उन्हात डुलकी लागली. रेवजीने देवाचं नाव घेऊन धर्म केला. थंड वारं ओठाला लागलं तसा साहेब जागा झाला, आरशात पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली की आमराईतले पोपट तापीपार गेले!

"रडी ल्या साहेब, रडी ल्या," रेवजी डोळे पुसत म्हणाला. "दुःख मोठं शे!"

कुंपणाबाहेर आप्पांनी आणलेलं अर्धं गाव उभं होतं. सगळ्यांनी टोप्या काढून माना खाली घातल्या. साहेबाने चाबूक उचलला होता. पण शंभर माणसं आपल्यासाठी उभी रडताहेत हे पाहून त्याचा हात तसाच खाली आला.

परीक्षा शाळेच्या ओसरीत सुरू झाली. पितांबर पुढच्या बाकावर, नजर बरोबर साहेबाच्या नाकाखाली रोखलेली. आणि तिथे काय? रुमाल! बोडका ओठ कुणाला दिसू नये म्हणून साहेबाने डोळ्यांखालचा सगळा चेहरा रुमालाने झाकून घेतला होता!

पहिला शब्द आला. रुमाल फुगला. पितांबरला हायसं वाटलं. फुगला म्हणजे चंबू! डब्ल्यू! दुसरा शब्द. पुन्हा फुगला. डब्ल्यू! माघातला वारा ओसरीतून सारखा भणभणत होता, हे त्याला तेराव्या शब्दाला उमगलं. तेव्हा खोडायला वेळ नव्हता आणि खोडून लिहायचं काय, तेही ठाऊक नव्हतं. वीसच्या वीस डब्ल्यू लिहून त्याने कागद दिला आणि मनातल्या मनात बैलांची क्षमा मागितली.

साहेबाने तपासलं. व्हीचे शब्द दहा, दहाही चूक. डब्ल्यूचे दहा, दहाही बरोबर!

"दहा. पास," रुमालाआडून आवाज आला, आणि साहेब घोड्यावर बसून गेलासुद्धा.

पितांबर मान खाली घालून बाहेर आला. आप्पा पारावर आधीच सांगत होते:

"तोंड झाकीसन बोलना तो साहेब, तरी मन्हा पोऱ्यानी निम्मं वळखं!"