घोडं, मांजर आणि तिसरं कोटेशन

सकाळी सात वाजता आमच्या दूध शीतकरण केंद्रासमोरच्या गतिरोधकाजवळ साठीला टेकलेला एक माणूस उकिडवा बसलेला दिसला, की समजायचं आप्पा कामावर आले. हातात बाभळीची काठी. काठीच्या खालच्या टोकाकडे चाकूनं कोरलेल्या दोन खुणा. आप्पा काठी डांबरावर टेकवतात, एक डोळा मिटतात आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रककडे अजिबात न बघता म्हणतात, "घोडं घासतंय." मग दुसरी खूण निरखतात. "मांजरबी घासतंय."

घोडं आणि मांजर ही अमेरिकेतल्या दोन मोटारींची नावं, आणि काठीवरच्या खुणा त्यांच्या पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या. शर्यतीत पळवाव्यात अशा मोटारी. एकीच्या तोंडावर पळता घोडा आहे, दुसरीच्या अंगावर दात विचकणारं मांजर. खरी नावं आप्पांच्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून ही ठेवली. आप्पांचा मुलगा महेश तिकडे नोकरीला असतो. त्याला या दोन्हींपैकी एक घ्यायची होती आणि त्यानं वडिलांना विचारलं होतं, कोणती घेऊ?

यातली एकही मोटार जन्मात पाटोद्याच्या रस्त्यावर येणार नाही, हे मी आप्पांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, माप घेऊन ठिवलं तर मापाला काय चारा घालावा लागतोय?"

आप्पा शेळके आमच्या सहकारी दूध संस्थेचे स्टोअरकीपर. मी या केंद्राची व्यवस्थापक. संस्थेला दोरी घ्यायची असो की डिझेल इंजिन, तीन दुकानांतून कोटेशन आणायचं, तिन्हींचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मग खरेदी, असा नियम आहे. बाकीचे लोक हा नियम पाळतात. आप्पा तो जगतात. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे : "एक म्हंजे बळजबरी, दोन म्हंजे भांडण, तीन म्हंजे निवाडा."

चष्म्याचा नंबर त्यांनी तीन डॉक्टरांकडून काढून घेतला. तिन्ही नंबर वेगळे आले तेव्हा मधला घेतला. लग्नाआधी त्यांनी मोजून तीन मुली पाहिल्या होत्या. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, हळदीकुंकवाला आल्या की सगळ्यांना सांगायच्या, "मला काय रूप बघून केलंय व्हय? मी तिसरं कोटेशन."

त्या साली पाऊस झालाच नव्हता. जनावरं छावणीला होती, आसपासची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि रोज येणारे दुधाचे कॅन मोजायला माझ्या हाताची बोटं पुरून उरत होती. संकलन आणखी घसरलं तर केंद्र बंद करावं लागेल, असं वरून तोंडी कळवलेलं. त्यातच दूध थंड करायच्या टाकीची मोटार जळाली. आप्पा सकाळच्या एसटीनं बीडला गेले. दोन दुकानांत मोटार तयार होती. तिसरा दुकानदार मयतीला गेला होता. आप्पा त्याच्या पायरीवर चार वाजेपर्यंत बसून राहिले. इकडे मी आणि टँकरचा ड्रायव्हर रशीदभाई कॅनला ओली पोती गुंडाळून बर्फ लावत होतो. मोटार आली तोवर दोन कॅन नासले.

"आप्पा, दूध नासलं," मी म्हणाले. यापेक्षा जास्त बोलले असते तर तोंड खराब झालं असतं.

"दूध काय, उद्या परत येतंय मॅडम," आप्पा घाम पुसत म्हणाले. "कागद नासला तर कुठून आणायचा?"

अशा माणसाला मुलानं दोनच मोटारी सांगून निवड करायला लावली होती. तिसरी नव्हतीच. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की हे घोडं कुठंतरी पेंड खाणार.

महेशनं फोनवर पाठवलेली माहितीपत्रकं आप्पांनी पाटोद्यात छापून घेतली, त्यांना भोकं पाडली आणि टॅग बांधून फाईल केली. फाईलवर लिहिलं, "विषय : चि. महेश यास वाहन खरेदी करणेबाबत." आत तक्ता. ताकद, वजन, दारं, टाकी, जमिनीपासून उंची, आवाज, मागे बसणाऱ्याची सोय, शेरा. प्रत्येक रकान्यात पेन्सिलीनं बारीक अक्षर. ताकदीच्या रकान्यात त्यांनी दोन्हीकडे 'गरजेपेक्षा जास्त' असं लिहिलं होतं.

काळजी त्यांना वेगाची. "चार सेकंदात शंभरावर जाती म्हणं," ते दूध ओतणाऱ्या माणसालाही थांबवून सांगायचे. "चार सेकंदात मला शिंक येत न्हाई. तवर लेकरू शंभरावर." ते स्वतः जुन्या लुनावर येतात आणि उतार लागला की दोन्ही पाय जमिनीला घासत ठेवतात. रशीदभाई त्यांना चिडवायचे, "आप्पा, घे बे मांजर. आवाज तरी चांगला हाय तिचा."

"आन घरातून निघायच्या आधीच मांजर आडवं? कावून जिवावर उठतो बे लेकराच्या?"

"मग घोडं घे."

"घोडं उधळतंय."

एकदा मी स्टोअरमध्ये पावडरचं पोतं बघायला गेले, तर आप्पा रिकाम्या कॅनच्या दोन रांगांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. हातात मोजपट्टी. मी विचारलं, हे काय?

"घोड्याची मागची सीट," ते म्हणाले. "बसता येतंय. पण आईच्या पोटात बसल्यावानी बसावं लागतंय. मांजरात दोन बोटं जागा जास्त हाय, पण दारं दोन्हीला दोनच. म्हातारं माणूस आत जाईल कसं, आन गेलं तर निघंल कसं?"

"कॅन भरायचे आहेत. उठा," मी म्हणाले. त्यांना उठवायला रशीदभाईंना बोलवावं लागलं. आप्पांनी उभं राहिल्या राहिल्या तक्त्यात लिहिलं : 'निघण्यास दुसरा इसम लागतो.'

महेशचा फोन रविवारी सकाळी यायचा. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. दुधाला रविवार नसतो, म्हणून आम्ही सगळे तिथंच असायचो. फोनला रेंज फक्त वजनकाट्याजवळच्या पायरीवर, आणि आप्पांना कमी ऐकू येत असल्यानं फोन स्पीकरवर. त्यामुळे त्या घरातलं मला सगळं ठाऊक आहे, आणि त्यात माझा काही दोष नाही.

वहिनी होत्या तेव्हा फोन त्यांच्याकडे घरी यायचा. त्या गेल्यावर तो पायरीवर यायला लागला. पहिली दोन वर्षं एका मिनिटात संपायचा.

"बाबा, पाऊस?"

"न्हाई."

"पाणी?"

"टँकर."

"जेवलात?"

"हां."

"ठेवू?"

"ठेव."

मोटारीचा विषय निघाला तसा फोन अर्ध्या अर्ध्या तासाचा झाला. आप्पा एकेक रकाना वाचायचे, महेश उत्तरं द्यायचा, आप्पा खोडून परत लिहायचे. "ब्रेक मारल्यावर किती लांब जाती? तू मोजलंस का कंपनीनं सांगितलं? मग तू मोज." दिवाळीपासून शिमग्यापर्यंत हे चाललं. आणि एका रविवारी महेश म्हणाला, "बाबा, आता खूप झालं. पुढच्या रविवारी मी सही करतोय. एक नाव सांगा, मी तीच घेतो."

"हां," आप्पा म्हणाले. फोन बंद झाल्यावरही तो कानाजवळ धरून ते बराच वेळ बसले.

त्या आठवड्यात आप्पा बिघडले. सोमवारी दूध पावत्यांच्या वह्या कपाटात उलट्या लावल्या. मंगळवारी लुनाची किल्ली तिलाच लावून घरी चालत गेले. गुरुवारी मी त्यांना कॅनच्या झाकणांची रबरं आणायला पाठवलं, तर ते तासाभरात रबरं घेऊन परत आले. एकाच दुकानातून. रशीदभाईंनी रबरं हातात घेऊन पाहिली, मग आप्पांकडे पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यांना दवाखान्यात न्यावं लागतंय."

शनिवारी दुपारी आप्पा फाईल घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, सही करा."

"माझी कशाला? गाडी तुमच्या मुलाची आहे."

"खरेदीला दोन सह्या लागतेत. स्टोअरकीपर आन व्यवस्थापक."

मी फाईल उघडली. 'शिफारस' या शब्दापुढची जागा रिकामी होती. पेन्सिलीनं लिहून खोडून तिथला कागद इतका झिजला होता की खालच्या पानावरची अक्षरं दिसत होती.

"नाव कुठं आहे?"

"तुमीच टाका."

"आप्पा, अहो चालवणारा तो आहे. जपून चालवीन म्हणतोय ना? एवढं काय भ्यायचं?"

"चालवंल की. शाना हाय त्यो." आप्पा फाईलच्या टॅगचं टोक पिळत राहिले. "पर एकदा नाव सांगितलं, की मग बोलायचं काय?"

"कुणाशी?"

"म्हेशाशी." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, वाळलेलं लिंबाचं झाड होतं. "ती होती तवा तीच बोलायची. आमाला एकमेकांचं तिच्याकडून कळायचं. ती गेल्यावर पाऊस होता इचारायला. आता त्योबी न्हाई. दर रविवारी न्हाई म्हणायचं आन टँकर म्हणायचं. लेकरानं तरी काय इचारावं मला? ही गाडी निघाली तवा कुठं त्यो मला कायतर इचारायला लागला." मग नाक शिंकरून म्हणाले, "घरात आता दोनच कोटेशनं ऱ्हायलीत, मॅडम."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. दुसऱ्या बायकांना येतं. मला फाईल वाचता येते, म्हणून मी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. दोन्ही माहितीपत्रकं दिवाळीची होती. आमच्या संस्थेत कोटेशन तीस दिवसांनी शिळं होतं.

मी लाल पेन काढला आणि शिफारशीच्या खाली लिहिलं : 'तिसरे कोटेशन जोडलेले नाही. जोडलेली दोन्ही मुदतबाह्य आहेत. फेर मागवावीत.' खाली सही केली, गोल शिक्का मारला.

आप्पांनी ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या तिसऱ्या कोटेशनवर खेकसत आले होते, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

"पर उद्या त्यो सही करणार हाय."

"नियमाबाहेर खरेदी होत नाही. त्याला तसं कळवा."

आप्पांनी फाईल काखेत घेतली. दारापर्यंत गेले आणि परत आले. "मागं बसणाऱ्याच्या सोयीचं काय लिवलं न्हाई तुमी."

मी फाईल मागून घेतली आणि ओळ वाढवली : 'मागे बसणाऱ्याची सोय समाधानकारक नाही.'

रविवारी फोन यायला उशीर झाला. आप्पा पायरीवर फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेत होते. शेवटी वाजला.

"बोला बाबा. कोणती?"

आप्पांनी खाकरून माझा शेरा वाचला. मुदतबाह्य, फेर मागवावीत, मागे बसणाऱ्याची सोय, सगळं. शेवटी म्हणाले, "खाली मॅडमची सही. गोल शिक्का."

  रशीदभाई उचललेला कॅन तसाच हातात धरून उभे राहिले.

"बाबा, मागं कोण बसणार हाय?" महेशनं विचारलं. इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून गावाकडचं 'हाय' मी पहिल्यांदा ऐकलं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वजनकाट्याकडे पाहिलं.

"रकाना हाय तक्त्यात," आप्पा म्हणाले. "म्हणून भरावा लागतोय."

 मग महेश म्हणाला, "मग तिसरं कोटेशन चार दारांच्या गाडीचं घेऊ का?"

आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली. फाईल गुडघ्यावर ठेवली, नवं पान घेतलं, डाव्या हातानं फोन तोंडाजवळ ओढला.

"थांब, लिवून घेतो. जमिनीपासून उंची किती?"

महेशला मुळात ती घोड्याची गाडी घ्यायची होती की नव्हती, हे मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मी आत जाऊन दुधाचे नमुने तपासायला बसले. सगळे तपासून झाले, नोंदी झाल्या, टँकर भरून गेला, तरी पायरीवरचं बोलणं चालूच होतं. दारं आली, ब्रेक आले, मागच्या सीटचं माप आलं. पाऊस एकदाही आला नाही.