कपाटगडावरील वायफायची बंडाळी

श्री गजानन प्रसन्न. त्यापाठोपाठ जी शक्ती डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, परंतु घटकाभर रुसली तर थोरामोठ्यांची त्रेधा उडविते, त्या वायुमार्गी देवतेसही दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्यापासून कार्तिक शुद्ध नवमीपावेतो एका राज्यात जी धामधूम जाहली तिचे वर्तमान येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण जिन्यात रोज गाठ पडते. लिहिणारा त्या दरबारी चहास जाऊन बसणारा असे, सबब अर्धी हकीकत राणीसाहेबांच्या मुखे ऐकिली आणि अर्धी महाराजांनी जिन्याच्या वळणावर, इकडेतिकडे पाहून, हळू आवाजात सांगितली. दोन्ही जुळवून खरे ते लिहिले. कोणास राग आल्यास येवो.

राज्य तिसऱ्या मजल्यावर. दोन महाल, एक दिवाणखाना, एक मुदपाकखाना, आणि या सर्वांस जोडणारी चिंचोळी खिंड, जीस लोक पॅसेज म्हणतात. महाराज विद्याधरपंत पाटबंधाऱ्यांच्या चाकरीतून निवृत्त होऊन सुखाने नांदत होते. स्वभावे शूर, परंतु गोड पदार्थापुढे शस्त्र टाकणारे. राणीसाहेब सुलभाबाई, कारभार खरा त्यांचाच. एकुलती राजकन्या केतकी, तिने जुनी वस्त्रे जतन करण्याची विद्या संपादिली होती. कसर लागलेला शेला असो की विरलेली पैठणी, तिच्या हाती आली की आणखी शंभर वर्षे जगावी, ऐसा हात. खिंडीत एक उंच लोखंडी कपाट, त्यास आम्ही कपाटगड म्हणू. त्याच्या माथ्यावर दोन शिंगांचा राउटर किल्लेदारी करीत असे, कारण दिवाणखान्यात ती शिंगे राणीसाहेबांस खपत नव्हती. त्या किल्लेदाराच्या कृपेने राजकन्येच्या महालात लॅपटॉप चाले, आणि लॅपटॉपवर तिचे अवघे भवितव्य.

दसऱ्याच्या सुमारास वैद्यराजांनी महाराजांचे रक्त तपासिले आणि साखर फार चढली म्हणोन सर्व गोड बंद केले. तेसमयी राजकन्येस दूरदेशीच्या एका मोठ्या संग्रहालयातून चाकरीविषयी विचारणा आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पथ्य पाळणार नसाल तर मी कुठेही जात नाही. तिकडे बसून मला तुमचाच घोर लागेल." महाराजांचे डोळे भरून आले आणि त्यांनी भर दरबारात शब्द दिला, "तुझ्या गळ्याची शपथ, गोडाला शिवणार नाही." शपथ मोठी केली. मनुष्याने जेवण झाल्यावर शपथा करू नयेत, पोट भरलेले असता सर्व सोपे वाटते, हे आमचे मत आहे. परंतु आम्हांस कोण विचारतो.

मग दिवाळी आली. राणीसाहेबांनी बेसनाचे लाडू वळिले, कारण लाडवांवाचून दिवाळी करणे त्यांच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हते. मुदपाकखान्यातील प्रत्येक फळी महाराजांस पाठ होती, म्हणोन त्यांनी तो मोठा स्टीलचा डबा जुन्या धोतरात गुंडाळून, महाराज घरी नसता, स्टुलावर चढून कपाटगडावर नेऊन ठेविला. महाराजांचे गुडघे दुखत, ते काही चढत नाहीत, हा हिशेब. डबा ठेविला तो नेमका किल्लेदाराच्या पुढ्यात, राजकन्येच्या महालाच्या बाजूस. आणि त्याच दिवसापासून वायफाय बिघडले.

वसुबारसेच्या दिवशी संग्रहालयाच्या पंचांपुढे राजकन्येची मुलाखत होती. ती शेल्याच्या काठाविषयी बोलू लागली आणि लॅपटॉपवरील चार कमानींची एक कमान राहिली आणि पंचांना तिचे तोंड अर्धे उघडे, एक डोळा मिटलेला, ऐसे चित्र होऊन दिसले ते दिसतच राहिले. ती बाहेर आली आणि खिंडीत मटकन बसली. पंच भले, त्यांनी कार्तिक शुद्ध नवमीस पुन्हा बोलाविले, परंतु स्पष्ट कळविले की तेव्हाही तुटले तर दुसऱ्या उमेदवाराचा विचार करणे भाग पडेल.

मग राज्यात मोठी मोहीम उघडली. आधी किल्लेदारास बंद करून चालू केले; बटण खालीच भिंतीत होते, म्हणोन वर चढणे न लगे. उपयोग जाहला नाही. मग लॅपटॉपची स्मृती पुसून पासवर्ड नव्याने शिकविला. तोही शिकला आणि पुन्हा रुसला. मग जालवाल्या कंपनीस फोन लाविला, तेथे सनई वाजत राहिली, इतकी की राणीसाहेब म्हणाल्या, "लग्न लागलं असेल आतापर्यंत." मग कंपनीचा तारवाला आला, तो थेट कपाटाखाली उभा राहिला, आपला मोबाइल पाहून म्हणाला, "काका, इथे तर फुल्ल रेंज आहे," आणि चहा घेऊन गेला. मग राणीसाहेबांचा संशय शेजारच्या संस्थानावर गेला. तेथील अरविंदराव निरुपद्रवी गृहस्थ, परंतु त्यांचा नातू दिवाळीस आला होता आणि दिवसभर मोबाइलवर लढाया खेळत होता. महाराजांनी दारात उभे राहून विचारिले, "अरविंदराव, आमचा पासवर्ड तुमच्याकडे गेलाय का हो?" अरविंदराव म्हणाले, "आमच्या घरी आमचं वायफाय आहे, पंत." इतकेच बोलले. परंतु संध्याकाळी महाराजांच्या राज्यातून गेलेले फराळाचे ताट त्यांनी रिकामे परत धाडिले. ज्यांस आपल्याकडील रीत ठाऊक आहे त्यांस सांगणे न लगे की रिकामे ताट म्हणजे युद्धाचा खलिता. निदान चार शंकरपाळे तरी ठेवितात.

पुढे कंपनीच्या कारकुनाने फोनवर सांगितले की राउटरच्या पाठीस बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसून धरावी. राणीसाहेब भजनी मंडळास गेल्या होत्या. महाराजांनी सेफ्टी पिन घेतली, गुडघ्यांस धीर दिला आणि गड चढले. वर जाऊन पाहतात तो धोतरात गुंडाळलेले काही. आणि वास. तूप, भाजले बेसन, वेलदोडा. महाराजांची शपथ तेथेच, स्टुलावर, डळमळली. डबा खाली उतरविला आणि एक लाडू घेतला, मग त्यास एकटे वाटू नये म्हणोन दुसरा. इतक्यात आतून राजकन्या ओरडली, "बाबा, आलं! काय केलंत तुम्ही?" महाराज तोंडातला लाडू सावरून म्हणाले, "टाचणी!" मग डबा जागच्या जागी ठेविला, धोतराची घडी जशी होती तशी केली, आणि आतून आवाज आला, "गेलं हो पुन्हा!"

तेव्हापासून महाराजांस राउटरच्या दुरुस्तीचा मोठाच छंद लागला. राणीसाहेब भजनास निघाल्या की म्हणत, "मी जरा ते वायफायचं बघतो." आणि त्या अवधीत वायफाय खरेच सुधारे, आणि राजकन्या म्हणे, "बाबा, तुमच्या हाताला गुण आहे." परंतु पाटबंधाऱ्यात आयुष्य घालविलेला मनुष्य, पाणी कोठे अडते हे ज्यास कळते त्यास फार दिवस फसविता येत नाही, स्वतःसही नाही. एके दिवशी डबा उतरविला, "आलं", चढविला, "गेलं", मुद्दाम पुन्हा उतरविला, "आलं", आणि महाराज हातात डबा घेऊन तेथेच थिजले. किल्लेदाराची वाट तो स्टीलचा डबा अडवीत होता. दुसरे काही नव्हते.

आता सांगावे तरी कसे? डबा वर आहे हे महाराजांस ठाऊक नसावे, हीच तर राज्याची व्यवस्था. सांगितले की चोरी उघडी, चोरी उघडी की गळ्याची शपथ मोडलेली, आणि शपथ मोडलेली कळली की केतकी म्हणणार, मी जात नाही. न सांगावे तर मुलाखत बुडते, म्हणजे तरीही जात नाही. महाराजांस रात्री झोप येईना. त्यांनी नाना युक्त्या केल्या. "राउटर दिवाणखान्यात आणू या," म्हणाले, राणीसाहेब गडबडीने म्हणाल्या, "मुळीच नाही, आहे तिथेच असू दे." "कपाटच हलवू या," म्हणाले, "तुमचे गुडघे हलवा आधी." "मग लॅपटॉपच खिंडीत मांडू या," म्हणाले, "पंचांना काय गंजकं कपाट दाखवायचं?" शेवटी महाराजांनी ठरविले की नवमीस, राणीसाहेब भजनास गेल्या की गुपचूप डबा उतरवावा, मुलाखत होऊ द्यावी, मग गुपचूप चढवावा. मसलत उत्तम होती.

नवमीचा दिवस उजाडला. दुपार जाहली. राजकन्या खणाच्या काठाची साडी नेसून आपल्या महालात लॅपटॉपपुढे बसली, दार लोटून घेतले. राणीसाहेबांनी देव पाण्यात ठेविले होतेच. आता खिंडीत, कपाटगडाच्या पायथ्याशीच खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसल्या.

महाराज म्हणाले, "अगं, भजनाला नाही जायचं?"

"आज? लेकीची मुलाखत असताना? डोकं फिरलंय का तुमचं?"

"नाही म्हणजे, तिथे देवापाशी जास्त..."

"इथेच बसणार मी. कुणी बेल वाजवायला नको."

आतून मुलाखत सुरू जाहल्याचा आवाज आला. राजकन्या प्रथम धीटपणे बोलली, मग तिचा आवाज थांबला, मग तेच वाक्य तिने पुन्हा म्हटले, मग आणखी एकदा, आणि त्या तिसऱ्या वेळी तिचा आवाज कापत होता. बापाचा जीव तो. इतर काही सुचेनासे जाहले. महाराज उठले, मुदपाकखान्यातून स्टूल आणिले, राणीसाहेबांच्या खुर्चीशेजारी ठेविले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गड चढले. राणीसाहेबांची जपमाळ थांबली. महाराजांनी न चाचपडता, न शोधता, सरळ हात घालून धोतरातला डबा उचलिला, जणू स्वतःच ठेविला असावा. येथेच सर्व कबुली जाहली, शब्द एकही न बोलता.

डबा खाली आला आणि आत राजकन्येचा आवाज मोकळा जाहला. ती न अडखळता बोलू लागली.

परंतु खिंडीत रण माजले, तेही मुके. राणीसाहेबांनी डब्याकडे बोट दाखविले, मग महाराजांकडे, मग आपल्या गळ्याकडे, म्हणजे शपथ. महाराजांनी कान धरिले. राणीसाहेबांनी डबा परत वर ठेवण्याकरिता ओढिला. महाराजांनी राउटरकडे, डब्याकडे आणि राजकन्येच्या दाराकडे बोट करून दोन्ही हातांनी भिंतीसारखी आडवी खूण केली, आणि डबा पोटाशी धरून जमिनीवर फतकल मारिली. राणीसाहेबांस उमगावयास थोडा वेळ लागला. मग उमगले, आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या, कारण डबा वर ठेवणारे हात त्यांचेच होते. ओढाताणीत धोतर सुटलेच होते, आता झाकण निसटले ते फरशीवर पडून ठण्ण वाजले आणि गोल गोल फिरत राहिले. आत पंचांनी विचारिले असावे, कारण राजकन्या इंग्रजीत काही बोलली आणि परदेशी माणसांचे हसणे घरभर ऐकू आले. मुलाखत संपेतोवर महाराज डबा मांडीवर घेऊन तेथेच बसले. एकही लाडू खाल्ला नाही. हे राणीसाहेबांनी स्वतः सांगितले आहे.

राजकन्या बाहेर आली, मायबाप आणि डबा पाहिला, आणि सर्व समजली. म्हणाली, "बाबा, माझ्या गळ्याची शपथ होती ना?"

महाराज म्हणाले, "मोडली गं. खोटं कशाला बोलू? पण तुला पाठवायची हौस लाडवापेक्षा मोठी निघाली."

ती रडली, मग हसली, मग बापाच्या शेजारी फरशीवर बसली. चाकरीचा होकार आला. जावे की न जावे यावर दोन दिवस खल जाहला आणि तह ठरला, तो असा की उरलेले सर्व लाडू अरविंदरावांकडे जावे, डब्याने कपाटगडाची पायरी पुन्हा चढू नये, आणि दर रविवारी महाराजांनी राजकन्येस व्हिडिओवर सर्वांसमक्ष बोट टोचून साखरेचा आकडा दाखवावा. ताट अरविंदरावांकडे गेले ते परत येताना करंज्या घेऊन आले, तेणेकरून ते युद्धही मिटले. त्या करंज्या राणीसाहेबांनी एकटीने खाल्ल्या.

राजकन्या दूरदेशी गेली. वायफाय आता अखंड चालते, कमानी चारही उभ्या. दर रविवारी ती दिसते, तिच्या खिडकीबाहेरचे झाडसुद्धा पानापानाने दिसते. महाराज बोट टोचतात, आकडा दाखवितात, आकडा चांगला असतो. मग ती आपल्या आठवड्याचे सांगते आणि मध्येच महाराज म्हणतात, "केतकी, तुटलं गं मधे. परत सांग." प्रथम राणीसाहेबांस वाटले, आकड्याची काही लबाडी आहे. परंतु आकडा तर दाखवून झालेला असतो. शेजारी बसून त्यांस प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. त्या आपली खुर्ची आणखी जवळ ओढून घेतात. राजकन्या पुन्हा पहिल्यापासून सांगते.

येणेप्रमाणे वायफायची बंडाळी मोडली, चोर सापडला, शेजार राखिला, मुलगी लांब गेली. जैसे ऐकिले तैसे लिहिले. लिहिणाऱ्यास त्या दरबारी हल्ली बिनसाखरेचा चहा मिळतो. इति.