शिवाण्णाचं फुल तिकीट

शिवाण्णा सदुसष्ट वर्षांचा आहे, पण एसटीत अर्धं तिकीट घेत नाही. हुपरीला बहिणीकडं जाताना कंडक्टरनं आपणहून विचारलं, "बाबा, हाफ न्हवं?" झालं! सगळी गाडी वळून बघेल असा हा गरजला, "बाबा कुणाला म्हणतोस? शेजारी माझी अव्वा बसल्या, दिसंना व्हय तुला? आई बसलेली असताना लेक म्हातारा कसा हुईल?"

कंडक्टरनं मुकाट फुल तिकीट फाडलं. नव्वदीची अव्वा खिडकीतून ऊस बघत बसली होती.

आमच्या घरांची भिंतीला भिंत. गल्लीत कुणी 'काका' म्हटलं तरी याच्या कपाळाला आठी. मिशा काळ्याकुळकुळीत; कलप घाईत लावला की ओठसुद्धा. एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात याचा नंबर पुकारला, तर यानं अव्वालाच पुढं ढकललं. तिचा मोतीबिंदू कधीच काढलेला. तिनं पार खालच्या ओळीतले आकडे घडाघडा वाचले. डॉक्टर खूश, शिवाण्णा त्याहून खूश, आणि चष्मा राहिला तो राहिलाच.

रोज संध्याकाळी मायलेकरं दुधाच्या कट्ट्यावर जातात. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध हातात देतात. वाट पाच मिनिटांची, यांना लागतो पाऊण तास. जरा पुढं गेलं की अव्वा म्हणते, "दम लागला रं," आणि कुणाच्यातरी पायरीवर बसते. मग शिवाण्णाही टेकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतो, "काय करायचं! म्हातारं माणूस हाय, तिच्या चालीनं चालाय लागतंय."

गेल्या महिन्यात तो सकाळीच माझ्याकडं आला. खुर्चीत बसताना 'आई गं' म्हणाला. डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं होतं.

"मग करून टाक की!" मी म्हटलं.

"दोन महिनं खाटंवर पडू व्हय? अव्वाला बघणार कोण? तिला ह्यातलं काय बोलू नगंस," म्हणाला, आणि ढसाढसा रडायला लागला. एवढा गरजणारा माणूस! मी चहा टाकला.

संध्याकाळी त्याला एक्सरेला जायचं होतं, म्हणून अव्वाला कट्ट्यावर न्यायचं काम माझ्याकडं आलं. म्हातारी जी सुटली, ती कुठं थांबायचं नावच घेईना! मी धापा टाकत पोचलो, तोवर हिचा ग्लास निम्मा झालेला.

"अव्वा, आज दम न्हाय लागला?"

"मला कशाचा दम? त्याचं गुडघं दुखतंय. बस म्हटलं तर बसत न्हाय, मग मलाच दमाय लागतंय." तिनं पदरानं फेस पुसला. "भिंतीपल्याड सगळं ऐकू येतंय मला. त्याला म्हणावं, घे ऑपरेशन करून. पड म्हणावं दोन महिनं. दूध मी आणून देतो."