बशीखालचे तीन डॉलर

या खेपेला गॉर्डनला आपलं नाक कापू द्यायचं नाही, असं मार्लिसने सकाळीच ठरवलं होतं. योजना साधी होती. हॉटेलातलं जेवण आटोपून सगळे बाहेर पडले, की मफलर विसरल्याचं निमित्त करून परत जायचं आणि बशीखाली वीसची नोट सरकवायची. यात चुकण्यासारखं आहेच काय?

ही वेळ आपल्यावर यावी, याचाच तिला संताप होता. सरोवराकाठच्या डुलूथमध्ये शाळेची बस चालवून निवृत्त झालेला तिचा नवरा तसा देवमाणूस. शेजाऱ्यांच्या दारातला बर्फसुद्धा न सांगता उपसायचा. पण टीपचं नाव काढलं की त्याच्या अंगात यायचं. "पगार मालकाने द्यायचा. पोरांना शाळेत सोडल्याबद्दल मला दिली का कुणी टीप?" असं म्हणत तो वाढणारीच्या चुका मोजायचा आणि दर चुकीला एक डॉलर कापायचा.

आणि आज समोर कोण, तर लेकीची होणारी सासू! रोझॅलीबाईंनी तीस वर्षं हॉटेलात ताटं उचलून टोबीला वाढवलं होतं. "टीप बुडवणाऱ्या घरात मी मुलगा देणार नाही," असं त्या हसत हसत, पण दोनदा म्हणाल्या होत्या. मार्लिस पर्समधली वीसची नोट चाचपत राहिली.

त्यात वाढणाऱ्या ट्रीनाच्या हातून काटा पडला. गॉर्डनने मार्लिसकडे अर्थपूर्ण पाहिलं. मार्लिसने टेबलाखालून त्याच्या नडगीवर बूट हाणला, पण व्हायचं ते झालंच. त्याने बिलावर न वाचता सही ठोकली आणि देणगी दिल्याच्या ऐटीत बशीखाली तीन डॉलर ठेवले.

बाहेर गाड्यांपाशी येताच मार्लिस म्हणाली, "अगं बाई, माझा मफलर!" ती आत जाऊन काम फत्ते करून आली. मग लेकीला, कर्स्टनला, फोन आठवला. ती परतते तोच टोबीला किल्ल्या आठवल्या. काय ही हल्लीची विसरभोळी पोरं, असं मार्लिसच्या मनात आलं.

एवढ्यात गॉर्डनने सावकाश चष्मा लावून बिल वाचलं आणि त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला.

"पाच जण आहोत म्हणून टीप आधीच बिलात धरलीय. मला न विचारता! याला दरोडा म्हणतात. थांबा, माझे तीन डॉलर घेऊन येतो."

"गॉर्डन, तुला माझी शपथ आहे," मार्लिस दबक्या आवाजात म्हणाली. पण तो कुठला थांबतोय? ती मागे धावली. तिच्यामागून रोझॅलीबाईंचा आवाज आला, "अहो, माझाही चष्मा आत राहिलाय." चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

आत गॉर्डन बशी हातात धरून थिजला होता. दुसऱ्या हातात नोटांचं पुडकं. मागे ट्रे घेऊन ट्रीना आणि बाजूला घडी केलेली नोट मुठीत धरून रोझॅलीबाई उभ्या.

"गरीब बाईची टीप उचलताय?" रोझॅलीबाईंचा आवाज चढला.

"छे हो! यातले माझे फक्त ती..."

चोर नाही हे सिद्ध करायचं तर कंजूष आहे हे कबूल करावं लागणार. मार्लिसने वाक्य मधेच तोडलं. "त्याला असं बशीखाली ठेवणं आवडत नाही हो. म्हणतो, माणसाच्या हातात द्यावं. नाही का रे, गॉर्डन?"

गॉर्डनची बोटं उघडेनात. मार्लिसने ती एकेक करून उघडली. ट्रीनाने आधी नोटांकडे पाहिलं, मग "काटा पाडला तरी एवढे?" असं म्हणत ती गॉर्डनच्या गळ्यात पडून रडली. आजूबाजूच्या टेबलांनी टाळ्या वाजवल्या.

रोझॅलीबाईंनी डोळे पुसले आणि आपली नोट हळूच पर्समध्ये परत टाकली. "माफ करा, मी भलतीच शंका घेतली. आता माझं एक ऐका. लग्नात बँडवाले, बारवाले, गाड्या लावणारे, सगळ्यांच्या टिपा तुमच्याच हातून जाऊ देत. असा सढळ हात आमच्याकडे कुणाचा नाही."

घरी जाताना गाडीत गॉर्डन "बँडवाले, बारवाले..." असं पुटपुटत हिशेब करत होता. सरोवरावरून बोचरं वारं येत होतं. मार्लिसने गळ्याला हात लावला. मफलर या खेपेला खरोखरच आत राहिला होता, आणि गाडी मागे वळव म्हणायची तिची छाती झाली नाही.