थेंबांच्या तारेवरचे आकडे

अवसरीच्या पुढच्या वस्तीवर लोखंड वितळवायची एक भट्टी होती आणि तिच्या धुराने कुंडलिकरावांच्या पत्नीला, साळुबाईंना, दमा जडला होता. ही बाब शासनाने अखेर गांभीर्याने घेतली. दोन हजार पाच साली भट्टीच्या धुराड्याला यंत्र बसलं. त्यातून पाण्याचे बारीक थेंब उडायचे. प्रत्येक थेंबाला वीज दिलेली. असा थेंब धुरातली काजळी ओढून धरायचा आणि तिला घेऊन खाली यायचा. धूर निवळला. साळुबाई कित्येक दिवसांनी अंगणात बसून जेवल्या, तेव्हा कुंडलिकरावांचे डोळे भरून आले.

"लई उपकार झालं राव!" ते म्हणाले.

आता तालुक्यात भारनियमन, पण थेंबांना खाडा चालत नाही. म्हणून यंत्रासाठी अखंड विजेची स्वतंत्र तार टाकण्यात आली. ती नेमकी कुंडलिकरावांच्या ओट्यावरून गेली. माणसं अंधारात आणि थेंबांना चोवीस तास वीज! हा अन्याय कोण हो सहन करील? कुंडलिकरावांनी आकडा टाकला. एकच, तोही साळुबाईंच्या मालिकेपुरता. शेजारच्या भिमाजीने ते पाहिलं आणि विहिरीवरची मोटार जोडली. मग बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला गेलेली माणसंही तारेची भेंडोळी घेऊन परतू लागली. देवळाच्या भोंग्याला तर हक्कानेच वीज मिळाली.

लवकरच धूर पुन्हा काळा झाला. साळुबाई उशीला टेकून धापा टाकू लागल्या. कुंडलिकराव पेटले. मोर्चा झाला, उपोषण झालं, रस्ता अडवला, तेव्हा कुठे पाहणीला साहेब आले. त्यांनी यंत्र पाहिलं. मग मान वर करून तार पाहिली.

"यंत्र उत्तम आहे. थेंबांपर्यंत वीजच पोचत नाही. आकडे काढा, धूर आजच धुऊन निघेल."

ग्रामसभा भरली.

"काढा की!" कुंडलिकराव गरजले. "माझ्या बायकूच्या जिवाचा प्रश्न हाय! पण आधी भिमाजीचा काढा. त्याची मोटार हाय, आमचा नुसता टीव्ही."

"वा रे वा! पयला आकडा कुणाचा व्हता?" भिमाजी उठला. "टाकला पयला, त्यानंच काढावा पयला."

"म्हंजे मी एकट्यानंच अंधारात बसायचं? आमी काय येडं हाय?"

बराच काथ्याकूट होऊन ठराव एकमताने मंजूर झाला: धुराचा तीव्र निषेध करण्यात येत आहे, आकड्यांबाबत जैसे थे, शासनाने विजेवाचून चालणारे यंत्र बसवावे.

संध्याकाळी वस्ती दिव्यांनी लखलखली. मालिका ऐन रंगात आली होती, पण आतल्या खोलीतून साळुबाईंचा खोकला थांबेना. पडद्यावरची सून सासूला काय म्हणाली ते कुंडलिकरावांना ऐकूच येईना. त्यांना भट्टीवाल्याचा भयंकर संताप आला.

"माणुसकी म्हणून न्हाई राहिली लोकांत!" असं म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.